दातावरच्या लिडियाला दाढी फुटली

फार लांब, थंड समुद्राच्या काठी एका बंदरात टोबायस नावाचा खलाशी राहत होता. हात कसबी, पण चिकाटी औषधालाही नाही. सुताराच्या लिडियावर त्याचा फार जीव होता. तो देवमाशांच्या शिकारीवर निघाला तेव्हा ती म्हणाली, "स्वतःच्या हातानं एक तरी वस्तू पुरी करून आण. मग लग्नाचं बघू."

त्या जहाजांवर खलाशी रिकाम्या वेळी देवमाशाच्या दातावर चित्रं कोरत. आधी मुशी माशाच्या खरखरीत कातडीनं दात घासून घासून गुळगुळीत करायचा, मग शीड शिवायच्या सुईनं रेघा ओढायच्या आणि शेवटी दिव्याची काजळी चोळायची. काजळी रेघांत बसली की चित्र उमटे.

टोबायसला घासण्याचा भारी कंटाळा. थोडं घासलं न घासलं, तोच त्यानं सुई उचलली.

"अरे, अजून घास," जहाजावरचा म्हातारा एझ्रा म्हणाला. "खरबरीत आहे तो."

"एझ्राकाका, डोळ्याला दिसतंय का काही? पांढराशुभ्र तर आहे!"

त्यानं लिडियाचा चेहरा मन लावून कोरला. बंदर एका दिवसावर आलं तेव्हा सगळ्यांना गोळा करून मोठ्या ऐटीत काजळी चोळली. झालं! हनुवटीभोवतीच्या न घासलेल्या बारीक चरांतही काजळी शिरली आणि बिचाऱ्या लिडियाला झुबकेदार दाढी फुटली. जहाजभर हशा पिकला.

"फेक समुद्रात," सोबती म्हणाले. "दात मिळालाच नाही म्हणून सांग."

दात फेकायला टोबायसनं हात उचललासुद्धा. पण लिडियाला थाप मारायची त्याला लाज वाटली. बंदरात उतरताच तिच्या घरी जाऊन त्यानं मान खाली घालून तो दात तिच्या हातात ठेवला.

"चेहरा तुझा आहे. दाढी माझ्या आळसाची."

लिडिया पोट धरधरून हसली. मग म्हणाली, "खरं बोललास, म्हणून हाकलत नाही. पण ही दाढी घेऊन मी लग्नाला उभी राहायची नाही. बस इथे पायरीवर आणि घास!"

टोबायस घासत बसला. दाढीबरोबर चेहराही गेला, तो नव्यानं कोरावा लागला. त्यात सारा हिवाळा सरला. शेवटी काजळी चोळली, तेव्हा दातावर नुसती लिडिया हसत होती. खऱ्या लिडियानं त्या कोरलेल्या हनुवटीवरून बोट फिरवलं आणि आत हाक मारली, "बाबा, लग्नाची तारीख ठरवा!"

तात्पर्य: कामातली कुचराई आज ना उद्या उघडी पडतेच, ती लपवण्यापेक्षा कबूल करावी आणि काम पुन्हा नीट करावं.