लिंबाजीचं बेटावरचं नाणं

कुठल्याशा गावात लिंबाजी नावाचा एक भोळा हलवाई होता. गुढीला बांधायच्या साखरेच्या गाठी विकायच्या आणि त्यावर वर्ष काढायचं. पाडवा तोंडावर आला, तशी बायकोने, चंद्रभागेने, त्याला साखर आणायला तालुक्याला धाडलं. तो साखरेच्या पैशात एका शेठकडून डबीतलं एक चांदीचं नाणं घेऊन आला.

"हे कुठलं?"

"एका बेटाचं. बेट आपल्या गायरानाएवढं."

"नाण्यावरची ही पोपटवाली बाई तिथलीच का?"

"छे. ती भलत्याच देशातल्या चित्रातली."

"त्या बेटावर याचं मीठ तरी मिळतं?"

"शेठ म्हणाला, हे खर्चायचं नसतं. नुसतं ठेवायचं."

"उद्या परत करा."

परत करायचं ते स्वच्छ करून, म्हणून लिंबाजीने नाणं चिंच लावून घासलं. शेठने ते घेतलं नाही. "वस्तूवरचा मळ काढायचा नसतो," तो म्हणाला, "किंमत जाते."

शेजारच्या गावात चंद्रभागेचा भाऊ गाठीच करायचा. त्याच्याकडून तिने साखर आणली. पाक चढवला. "दूध घाला आणि मळी काढा," एवढं सांगून ती पाण्याला गेली. लिंबाजीने मळी काढली नाही. गाठी काळ्या झाल्या.

"किंमत जाते," लिंबाजी म्हणाला.

"ते नाणं निम्म्या पैशात द्या, पण घालवा."

या खेपेला तो नाणं तंबाखूच्या चंचीतून घेऊन गेला. शेठने नाक मुरडलं. "डबीबाहेर काढलंस? हात लागला की माल संपला."

चंद्रभागेने पांढऱ्याशुभ्र गाठी केल्या आणि त्याला दुकानावर बसवलं. गिऱ्हाईक आलं.

"हात लावायचा नाही," लिंबाजी म्हणाला.

"विकत घेतली तर?"

"तरी नाही. गुढीला बांधणार असाल तर मुळीच नाही."

गिऱ्हाइकं उठून गेली. चंद्रभागा म्हणाली, "त्या शेठला विचारून तरी या, असल्या वस्तूला एवढा भाव येतो कशाने?"

शेठने खुशीने सांगितलं. "मोजकीच पाडतात आणि साचा फोडतात. मग दुसरं निघत नाही."

हे लिंबाजीला पटलं. घरी येऊन त्याने उरलेल्या गाठी पुन्हा पाकात विरघळवल्या, एकच गाठी पाडली आणि आजोबांचा सागवानी साचा कुऱ्हाडीने फोडला.

चंद्रभागेने ढलप्या पाहिल्या. मग तिने पदर खोचला. "पाडवा उद्या आहे, अजून रात्र हाताशी आहे. भावाचा साचा मागून आणते."

"उगाच हेलपाटा घालू नकोस," लिंबाजी म्हणाला. "येताना त्याचाही फोडून आलो. नाहीतर आपल्या गाठीला भाव कसा येणार?"