नांदरुखावरचा बाप

फार वर्षांपूर्वी, घाटातून अजून बैलगाडीसुद्धा जात नव्हती तेव्हा, नांदरुखवाडी खाली ओढ्याच्या काठाला होती. त्या वाडीत हैबती नावाचा एक माणूस राहायचा. रानातला मध काढणं हा त्याचा धंदा. कितीही उंच झाड असो, तो सरसर चढायचा. पण माणूस भित्रा. पोळ्याला हात घालण्याआधी झाडाच्या पाया पडायचा, आणि लोक त्याला हसायचे.

एका वर्षी वाडीत मरी आली. सकाळी ओढ्यावर गेलेलं माणूस दुपारी आडवं व्हायचं आणि दिवस मावळायच्या आत जायचं. लोकांनी आधी कोंबडं कापलं, मग नारळ फोडले, मग रडणंही सोडलं. शेवटी राणोजी पाटलाने वाडी सोडायचं ठरवलं. गुरं, शेळ्या, म्हातारीकोतारी सगळी घेऊन लोक वरच्या पठाराकडे निघाले.

हैबतीची बायको ठकी नुकतीच बाळंत झाली होती. वाडी उठली त्याच दिवशी मरीने तिला नेलं. हैबतीने तिला एकट्याने मूठमाती दिली, तान्ही लेक घोंगडीत गुंडाळली आणि लोकांच्या मागे धावला. चढावर पाटलाने त्याला पाहिलं.

"हैबती, तिथंच थांब! तुझ्या घरात मरी शिरलीय!"

"मला नका घेऊ, पाटील. पोरीला तरी घ्या. शेळीचं घोटभर दूध द्या तिला."

कुणी पुढे आलं नाही. लोक वाईट नव्हते, भ्यालेले होते. मागून कुणीतरी दगड मारला, मग दुसऱ्याने मारला. एक दगड पोरीच्या डोक्याला चाटून गेला, तेव्हा हैबती वळला आणि रानात शिरला.

रानात वाघ होता. त्या साली प्रेतं पुरायला माणसं पुरी पडत नव्हती, त्यामुळे त्याला माणसाची चटक लागली होती, असं म्हणतात. ओल्या मातीत त्याच्या पंजांचे ठसे बघून हैबती थबकला. समोर नांदरुखाचं जुनं झाड होतं, एवढं पसरलेलं की आख्खी वाडी सावलीला बसावी. पोर पाठीशी बांधून तो वर चढला आणि फांद्यांच्या बेचक्यात जाऊन बसला.

त्या झाडावर हरोळ्यांची वस्ती होती. हरोळी म्हणजे रानातलं हिरवं कबूतर. रंग पानासारखा, पाय हळदीसारखे पिवळे. ती फळांवर जगते, शीळ घातल्यासारखी घुमते आणि जमिनीला सहसा पाय लावत नाही. घरटं बांधते तेही चार काड्यांचं, खालून बघितलं तर आतली अंडी दिसावीत असं.

पोर भुकेने रडत होती. हैबतीने तिच्या ओठांना मध लावला, ढोलीतलं पाणी बोटाने पाजलं. तिने ते ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं बारीक झालं. हाताशीच एक घरटं होतं. दिवसा त्यावर नर बसायचा. पिल्लू त्याच्या चोचीत चोच घालायचं, आणि नर घशातून पांढरं, दुधासारखं काहीतरी वर काढून त्याला भरवायचा. हैबती बघत राहिला.

"तू पण बापच की रे," तो म्हणाला. "मग मलाच का येत नाही?"

तेवढ्यात सगळ्या हरोळ्या गप्प झाल्या. भरल्या झाडावर एकही पाखरू दिसेना, नुसती पानं. खाली वाळका पाचोळा हळूच दबला. वाघ बुंध्याशी आला आणि मान वर करून उभा राहिला. बुंधा तिरका होता, वाघाला चढता येण्याजोगा.

आणि पोर कण्हू लागली.

हैबतीने तिच्या तोंडावर हात दाबला. तिचं नाक हाताखाली धडपडलं. त्याने दचकून हात काढला. हात ठेवला तर पोर जाणार, काढला तर दोघं जाणार. त्याने डोळे मिटले आणि तिला उघड्या छातीशी घट्ट धरलं. भीतीने त्याचं सगळं अंग भिजलं होतं. छातीवरून ओघळतोय तो घामच, असं त्याला वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं, पोर घोट गिळत होती.

हैबतीला दूध आलं होतं, असं म्हणतात.

वाघ किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. पोर हूं की चूं न करता पीत राहिली, आणि शेवटी तो निघून गेला.

मरी ओसरल्यावर लोक परतले. लाकडाला गेलेल्या बायांना झाडावर हैबती दिसला, जटा वाढलेला, मांडीवर गुबगुबीत पोर. त्या किंचाळत पळाल्या. बिनदुधाचं तान्हं मूल जगतं कुठे? पोर कधीच मेलीय, हा भूत खेळवतोय! पाटील माणसं घेऊन आला. कुणी काठ्या आणल्या, कुणी पेटते पलिते. बुंध्याशी पालापाचोळा रचला गेला.

"पेटवू नका!" म्हातारी यसू सुईण पुढे झाली. ठकीची पोर तिच्याच हातात जन्मली होती. तिने दोन्ही हात वर केले. "हैबती, बाबा, पोर दे माझ्याकडं."

"दगड नाही ना मारणार, यसूआत्या?"

"मारला तर आधी मला लागंल."

तो खाली उतरला. पोरीला उचकी लागली आणि तिच्या ओठांतून दूध ओघळलं. यसूने ते बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं.

"दूध हाय," ती म्हणाली. "मेलेली पोरं दूध वकत न्हाईत, पाटील."

"पण कुणाचं?"

हैबतीने छातीवरची घोंगडी बाजूला केली. पाटलाने हातातला पलिता मातीत खुपसून विझवला आणि मान खाली घातली.

लोकांनी त्याला घरी चल म्हणून परोपरीने विनवलं. तो गेला नाही. "भ्यालेल्या माणसांचं मला लई भ्या वाटतं," एवढंच म्हणाला आणि त्याच झाडाखाली झोपडी बांधून राहिला. हळूहळू वाडीच उठून त्याच्याकडे आली. ती आजची नांदरुखवाडी.

तिथे आजही मूल जन्मलं की आईच्या आधी बापाकडे देतात. बाप उघड्या छातीने उंबऱ्यावर बसतो आणि मूल छातीशी धरतो. तेवढा वेळ वाडीत जातं थांबतं, कुणी कुणाला हाक मारत नाही. कितीही धीट गडी असला तरी त्या वेळी त्याची छाती धडधडते. ती धडधड ऐकूनच पोर गप्प होतं, असं म्हणतात.