उंबऱ्यावर बसलेली आत्या

एका गावात एक शिंपी राहत होता, आणि त्याची कात्री कुठेच राहत नव्हती.

म्हणजे होती घरातच. पण कधी तांदळाच्या डब्यात, कधी उशीखाली, तर एकदा चक्क चुलीमागच्या लाकडांत. शिंप्याला विचारलं, "कात्री कुठंय रे?" की तो म्हणे, "इथेच कुठेतरी असेल." एखादी बाई शिंपिणीला विचारी, "माझं पोलकं शिवून झालं का गं?" ती म्हणे, "झालं की. इथेच कुठेतरी आहे." मापाची फीत शोधण्यात शिंप्याचा अर्धा दिवस जाई आणि शेवटी ती त्याच्याच गळ्यात सापडे. गावाने त्या घराचं नाव पाडलं होतं, इथेच-कुठेतरीवाल्यांचं घर. एकदा तर पाटलांच्या सदऱ्याला गुरवाच्या सदऱ्याची बाही लागली. पाटील सगळा हिवाळा एक हात आखडून हिंडले, आणि गावाला वाटलं, पाटलांचा हात वाताने धरलाय.

तुम्ही हसताय. हसा. फक्त मनातल्या मनात एवढं सांगा, तुमच्या घरातली सुतळी आत्ता कुठे आहे? बरं, राहू द्या. पुढे ऐका.

ही माणसं आळशी होती म्हणावं, तर तसंही नाही. शिंपीण रोज सकाळी केर काढायचं ठरवी. पण केरसुणी सापडत नसे. शोधता शोधता दुपार होई, दुपारची उन्हं कलत, आणि केरसुणी सापडे ती नेमकी दिवेलागणीला. दिवे लागल्यावर केर काढला की लक्ष्मी घरातून निघून जाते, असं शिंपिणीला तिच्या आईने सांगितलेलं. मग ती केरसुणी तिथल्या तिथे टाकून देवाला हात जोडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोध सुरू. असा त्या घरात धर्मही पाळला जाई आणि केरही.

शिंप्याचा म्हातारा बाप माजघरात खाटेवर असे. सगळे त्याला तात्या म्हणत. एके काळी तोही शिंपी होता. त्याचे डोळे गेले तेव्हा तो घाबरला नाही. म्हणाला, "घर माझंच आहे. माझ्या पायांना ते पाठ आहे." पण पायांना जे पाठ होतं ते घर आता राहिलं नव्हतं. सकाळी जिथे वाट असे, तिथे दुपारी पाटा असे. एकदा तात्या घागरीला अडखळला. एकदा वाळत घालायच्या दोरीत गुंतला. आणि एकदा घरातले सगळे मिळून एक सुई शोधत होते, ती सापडली तात्याच्या टाचेत.

तेव्हापासून मुलगा म्हणायचा, "तात्या, तुम्ही उठू नका. काय हवं ते मागा."

तात्या पाणी मागे, पाणी मिळे. पांघरूण मागे, ते मिळे. जरा शोधावं लागे, पण मिळे. त्याला खरं हवं होतं ते मात्र मागून मिळण्यासारखं नव्हतं. घरासमोर पिंपळाचा पार होता. तिथे त्याचे जुने सोबती रोज संध्याकाळी बसून साऱ्या गावाची टवाळी करत. त्यांचं हसणं माजघरात ऐकू येई. कुणाचा हात न धरता, आपल्या पायांनी तिथवर जावं आणि आपणही दोन टोमणे मारून यावेत, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा होती. पार हाकेच्या अंतरावर होता. पण मध्ये स्वतःचंच घर आडवं पडलं होतं.

अशात दिवाळी आली. शिंपीण म्हणाली, "पाहुणे येतील. घर आवरा."

आवरलं म्हणजे काय केलं, तर ओसरीवरचं सगळं उचललं आणि माजघरात नेऊन टाकलं. ओसरी लख्ख झाली. शेणाने सारवली, रांगोळी घातली, लक्ष्मीची इवली पावलं काढली. पावलं उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली, कारण आत काढायला जमीनच दिसत नव्हती. तात्याच्या खाटेभोवती गाठोडी, चिंध्या, तुटका पाळणा आणि मोडका बंब असा वेढा पडला. तात्याने चाचपायला हात लांब केला, तर हाताला मुसळ लागलं.

"हे काय आलं रे इथे?" त्याने विचारलं.

"दिवाळी आली, तात्या," शिंपी म्हणाला.

भाऊबीजेला खरं तर भावाने बहिणीकडे जायचं. पण भाऊ खाटेवरून उठत नाही म्हटल्यावर तात्याची बहीणच आली. भागाआत्या. दात दोनच उरले होते, पण बोलायला दात लागत नाहीत. हातात अनारशांची पुरचुंडी घेऊन ती तिन्हीसांजेला दारात आली. ओसरी पाहून म्हणाली, "वा." मग उंबऱ्यातून आत डोकावली. पुरचुंडी मांडीवर घेऊन तिने सरळ उंबऱ्यावरच बैठक मारली.

शिंपीण घाबरली. "आत्याबाई, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर नका ना बसू. लक्ष्मी यायची वेळ आहे."

"येऊ दे की. मी सरकेन."

"आत चला ना."

"भाऊ इथवर येईल, हाताला धरून आत नेईल, तेव्हा येईन. आमच्या माहेरची रीत आहे."

"ही रीत मी कधी ऐकली नाही," शिंपी म्हणाला.

"तू कसा ऐकशील? तुझ्या जन्माच्या आधीची आहे."

खरं तर ती रीत आत्याने तिथे बसल्या बसल्याच काढली होती. पण हे तुमच्या-आमच्यात राहू द्या.

शिंपी म्हणाला, "अगं आत्या, तात्यांना दिसत नाही."

"दिसत नाही ते ठाऊक आहे. चालता येतं ना?"

आतून तात्याचा आवाज आला. "चालता येतं. पण भागे, वाट कुठंय?"

"इथेच कुठेतरी असेल रे दादा," आत्या म्हणाली.

पारावरची म्हातारी मंडळी कान देऊन बसलीच होती. तिकडे खसखस पिकली. शिंप्याचं तोंड एवढंसं झालं. तो म्हणाला, "थांब, मी धरून आणतो त्यांना."

"धरून चोराला आणतात. मला भाऊ हवाय."

"मग आवरायला हवं," शिंपीण पुटपुटली. केरसुणी नेहमीप्रमाणे नेमकी आत्ताच तिच्या पायात आली होती. ती तिच्याकडे बघत म्हणाली, "पण दिवे लागले हो आत्याबाई. आता केर काढला तर लक्ष्मी जाईल."

"कुठली?"

"घरातली."

"सूनबाई," आत्या म्हणाली, "मी अशी काडीसारखी. मला आत पाय टाकायला जागा नाही. लक्ष्मी भरल्या अंगाची, वर हातात कमळ घेऊन यायची. ती आत आली कधी, म्हणून आता जाईल?"

शिंपिणीने लक्ष्मीच्या पावलांकडे पाहिलं. ती पावलं खरंच उंबऱ्याबाहेर ताटकळत उभी होती. शिंपिणीला आधी हसू आलं, मग हसू आवरलं, आणि मग तिने पदर खोचला.

शिंप्याला लगेच तोड सुचली. "सोपं आहे. हे सगळं परत ओसरीवर टाकू. पाहुणे गेले की पुन्हा आत."

"म्हणजे आज मला वाट," तात्या आतून म्हणाला, "आणि उद्यापासून पुन्हा खाट."

हे तो रागाने बोलला असता तर शिंप्याने उलट उत्तर दिलं असतं. पण तात्या अगदी साधं बोलला, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. शिंप्याने उचललेलं गाठोडं खाली ठेवलं. एकदा त्याने लख्ख ओसरीकडे पाहिलं, एकदा बापाच्या टाचेकडे. मग विचारलं, "तात्या, तुमच्या वेळी कात्री कुठे असायची?"

"दाराजवळच्या खुंटीला."

"आणि सुया?"

"कोनाड्यात. कापसाच्या गोळ्यात टोचून."

"घागर?"

"कोपऱ्यात, घडवंचीवर. वाटेत कधीच नाही."

तात्या खाटेवरून सांगत गेला आणि दोघं एकेक वस्तू तिच्या जागी ठेवत गेले. ज्याला जागा नव्हती त्याला जागा केली. ज्याचं कामच नव्हतं, ते मागच्या अंगणात गेलं. मोडका बंब बाहेर काढला, तर त्यात पाटलांच्या सदऱ्याची खरी बाही निघाली. चिंध्यांखाली शेजारणीचं लाटणं निघालं. त्या लाटण्यावरून दोन्ही घरांत अबोला होता, तो ते परत करताना मोडावाच लागला. शेवटी केर निघाला. केर एवढा होता की आत्या म्हणाली, "सूनबाई, या केरात लक्ष्मी असलीच तर गुदमरून गेली असेल. सोड तिला."

आता तात्या उठला. त्याने भिंतीला हात लावला. हाताला खुंटी लागली, खुंटीला कात्री लागली. तात्या मान डोलावून हसला आणि पुढे निघाला.

शिंपी कामाने दमला होता. गटागटा पाणी प्यायला आणि सवयीने तांब्या उभ्या जागीच खाली ठेवला, बरोबर वाटेत. आत्याने ते पाहिलं. शिंपिणीनेही पाहिलं. तात्याचं पाऊल तांब्यापाशी आलं, आणि तेवढ्यात शिंप्याचं लक्ष गेलं. त्याने झेप घेऊन तांब्या उचलला, घडवंचीपाशी गेला आणि घागरीवर पालथा घातला. कुणी न सांगता त्याने जागेवर ठेवलेली ही पहिलीच वस्तू, असं गावात म्हणतात. खरंखोटं त्या तांब्याला माहीत.

तात्या उंबऱ्याशी पोचला. वाकून त्याने हात पुढे केला. "ऊठ भागे. उंबऱ्यावर बसू नये, लक्ष्मी अडते."

दोन दातांची आत्या यावर काही बोलेल असं सगळ्यांना वाटलं. ती मात्र भावाचा हात धरून उठली आणि पदराने डोळे टिपले. मग आत येऊन तिने पाट मांडला, ओवाळलं आणि हात पसरला. "ओवाळणी?"

"देतो की. आधी पारावर जाऊन येतो," तात्या म्हणाला, आणि रांगोळी तुडवत निघालासुद्धा. पारावर जो कल्ला झाला तो वेशीपर्यंत गेला. तात्याने पहिला टोमणा पाटलांच्या बाहीवर मारला.

थोड्या वेळाने तो आपला आपण परत आला, पुन्हा रांगोळी तुडवतच. शिंपीण रांगोळी नीट करायला दिवा घेऊन दारात गेली आणि तिथेच थांबली. तळव्यांना लागलेल्या रांगोळीने म्हाताऱ्याची पांढरी पावलं उमटली होती. उंबरा ओलांडून, माजघरातून, थेट खाटेपर्यंत. सगळी आत येणारी.

शिंपिणीने ती पुसली नाहीत.

पुढे कोनाड्यातली सुई तात्याच्या हाताशी आली आणि गावातल्या सगळ्या सदऱ्यांची बटणं तोच लावू लागला, बोटांनी चाचपून. शिंप्याची गिऱ्हाइकं वाढली, शिंपिणीला दुपारची झोप मिळू लागली. कारण केरसुणी आता सकाळीच सापडे, दाराआड. घराचं नाव मात्र गावाने बदललं नाही. अजूनही कुणी विचारलं की लोक सांगतात, "शिंपी ना? इथेच कुठेतरी राहतो."

तात्पर्य: घर पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी नाही, घरच्यांच्या पायांसाठी आवरावं. आता उठा आणि ती सुतळी शोधा.