सोमवारी जुंपलेला घाणा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कुठल्या राजाच्या राज्यात घडली ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. पण एका गावात, एकाच गल्लीत, समोरासमोर दोन तेलाचे घाणे होते एवढं नक्की.

एक घाणा सुभानाचा, दुसरा बाळोजीचा. दोघांचे बैल चांगले, दोघांचं तेल चोख. फरक इतकाच, की जत्रेत देवळाच्या दीपमाळेला तेल द्यायचा मान दर वर्षी बाळोजीकडे जायचा. त्याचं तेल वाजतगाजत निघायचं. सुभाना दारात उभा राहून हसून बघायचा आणि आतून जळायचा. तो मान एकदा तरी आपल्या दारी यावा, याखेरीज त्याला दुसरं काही सुचेना.

त्याचा कान सतत समोर लागलेला. समोरच्या घाण्याची कुरकुर सुरू असली की त्याला वाटे, बाळोजी पुढे चालला, आपण थांबून कसं चालेल? कुरकुर थांबली की वाटे, हीच संधी, आता गाठू त्याला. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाचा घाणा थांबणार तरी कधी?

त्या गावच्या तेल्यांची रीत होती, सोमवारी घाणा जुंपायचा नाही. बैलाला मोकळं सोडायचं, आपणही नदीवर जाऊन बसायचं. सुभानाने ती रीत मोडली.

त्याची बायको तान्हाई म्हणाली, "अहो, जनावराला एक दिवस तरी सोडा."

"समोरचा बसलाय तोवरच आपली वेळ आहे," तो म्हणाला.

हळूहळू बैलाची तऱ्हा बदलली. जू उतरवलं तरी तो गोठ्यात खुंट्याभोवती फिरतच राही. पान हललं तरी दचके. सुभानाला त्याचं हसू आलं. आपलंही तेच चाललंय, हे मात्र त्याला दिसलं नाही. जेवायला बसला की त्याची छाती धडधडे. बाळोजी कुणाशी बोलताना दिसला की याला घाम फुटे. मान याही वर्षी गेला, असं वाटे. झोप तर कधीच उडाली होती.

मग एके दिवशी बैल खाली बसला. पाय धड होते, अंगावर जखम नव्हती, पुढ्यात हिरवा चारा होता. पण तो उठेना, चाऱ्याला तोंडही लावेना. काही दिवसांनी सुभानाही अंथरुणातून उठला नाही. ताप नाही, खोकला नाही. कशातच त्याचं मन राहिलं नव्हतं.

आणि गंमत बघा, त्याच वर्षी पंचांनी मान सुभानाला दिला. तेल तर घरात भरपूर होतं. वाजंत्री दारात आली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

शेवटी बाळोजी पुढे झाला. "तेल सुभानाचं, मान सुभानाचा. मी नुसता नेऊन पोचवतो," असं सगळ्यांना सांगून त्याने तेलाचा बुधला खांद्यावर घेतला.

तान्हाईने नवऱ्याला धरून दारात आणून बसवलं. तिला वाटलं, हे बघून याला निदान राग तरी येईल. सुभानाने मिरवणूक गल्लीच्या टोकापर्यंत जाताना पाहिली. त्याला हेवासुद्धा वाटला नाही. तेव्हा मात्र तान्हाई पदरात तोंड लपवून रडली.

त्या दिवसापासून बाळोजी रोज येऊन सुभानाजवळ बसू लागला. त्याने शहाणपण शिकवलं नाही, की तो ऊठ म्हणून मागे लागला नाही. बऱ्याच दिवसांनी सुभाना हळूच म्हणाला, "मी तुझा फार हेवा केला रे."

"ठाऊक आहे मला," बाळोजी म्हणाला. "भाकरी खा."

बैल लवकर उभा राहिला. सुभानाला सावरायला पुढची जत्रा उजाडली. ज्या मानासाठी एवढं केलं, तो मान घरी आला आणि निघूनही गेला. त्याचं सुख काही सुभानाच्या पदरात पडलं नाही.

तात्पर्य : ताणाला उतरायला जागा दिली नाही, तर तो आधी जिवाला घोर लावतो आणि मग जगण्याची गोडीच घेऊन जातो.