मागे जाणारा जिंकतो तो खेळ

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. कोणत्या राजाच्या काळातली, हे सांगणारेही आता उरले नाहीत.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावाची रीत मोठी विचित्र होती. तिथे कुणीही पाऊल मागे टाकत नसे. कुणा पूर्वजाने लढाईत तशी शपथ घेतली होती, आणि पुढच्यांनी ती रोजच्या चालण्यात आणली. अरुंद बोळात दोघे समोरासमोर आले, तर एकजण शेवटी भिंतीवर चढे आणि दुसरा खालून जाई. हसू नका, आपलेही असे हट्ट असतातच.

गावाजवळ एक कुरण होते आणि कुरणापलीकडे दुसरे गाव. उन्हाळ्यात तिथले गवत दोन्ही गावांच्या सगळ्या गुरांना पुरत नसे. म्हणून दरवर्षी चैत्रात दोन्ही गावांची रस्सीखेच होई. जिंकणाऱ्याला कुरण मिळे. हरणाऱ्याने गुरे पाच दिवसांच्या वाटेवर, नदीकाठी न्यायची.

आता मुलांनो, एक गंमत सांगतो. बहुतेक शर्यती पुढे जाऊन जिंकतात, पण रस्सीखेच मागे जाऊन जिंकतात. होडीच्या शर्यतीतही वल्ही मारणारे पुष्कळदा पाठमोरे बसतात. जिंकताना त्यांना समोर दिसतात ती मागे पडलेल्यांची तोंडे.

पण हे त्या गावाला कोण सांगणार? सात वर्षे ते हरत होते. समोरचे गडी दोर धरून मागे मागे जात, आणि आपले वीर ताठ मानेने रेघ ओलांडून पुढे येत. वर समोरच्यांनाच पळपुटे म्हणून हसत. मग कुरण गेले, की पंच लबाड आहे असे बडबडत घरी जात.

आठव्या वर्षी मात्र पाटलाच्या तोंडचे पाणी पळाले. त्याची चांदी गाय गाभण होती, दिवस भरत आले होते. गावात आणखी अकरा गाई तशाच होत्या. पाच दिवसांची वाट त्यांना झेपणार नव्हती.

आदल्या दिवशी तो नवा दोर आणायला भागूबाईकडे गेला. ही म्हातारी दोर वळायची, म्हणजे दिवसभर उलटी चालायची. म्हणून गावाने तिला वेशीबाहेर ठेवले होते. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, पिळत ती एकेक पाऊल मागे जात होती. पाटलाने तोंड फिरवले आणि मी जाईपर्यंत जरा थांब, असे सांगितले.

"थांबते की," भागूबाई म्हणाली. "पण पाटील, मी पुढं आले तर दोर ढिला पडतोय. हातात दोर असला की मागंच जायाचं असतं. पन्नास वर्सं जातेय, माझं काय वाईट झालं न्हाई."

दोर खांद्यावर टाकून पाटील घरी आला, पण त्याला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी पंचाने हात खाली केला आणि खेच सुरू झाली. गावचे गडी पाय रोवून उभे राहिले. उभेच राहिले, आणि तसेच पुढे घसरू लागले. रेघ चार हातांवर आली, मग दोन हातांवर. पाटील सगळ्यांत शेवटी दोर कमरेला गुंडाळून उभा होता. बांधावर चांदी जड पोटाने उभी होती, तिच्याकडे त्याने एकदा पाहिले. मग डोळे मिटले आणि पाऊल मागे टाकले.

दोर ताणला गेला. पुढच्या गड्यांनी दचकून वळून पाहिले.

"मागं या," पाटील म्हणाला. "पाप लागलं तर मला लागंल."

आधी एकजण मागे आला, मग दुसरा, मग सगळेच. एकदा मागे जायला लागल्यावर थांबताही येईना. बघता बघता समोरचे गाव रेघ ओलांडून आले आणि तोंडावर पडले.

पाटील मटकन खाली बसला आणि भरल्या डोळ्यांनी हसू लागला. छातीवरचा धोंडा उतरला होता. एक गडी बराच वेळ आभाळाकडे बघत होता, काही कोसळते का म्हणून. काहीच कोसळले नाही.

मग पाटलाने सगळ्यांदेखत पंचाची माफी मागितली. भागूबाईलाही गावात राहायला बोलावले, पण आत दोर वळायला एवढी लांब मोकळी जागा कुठे आहे, असे म्हणून ती नको म्हणाली. नदीकाठची वाट किती जीव घेते, हे सात वर्षांत गावाला चांगलेच कळले होते. म्हणून समोरच्या गावच्या गाभण गाईंनाही त्यांनी कुरणात ठेवून घेतले. त्या उन्हाळ्यात दोन्ही गावांत मिळून एकोणीस वासरे जन्मली, आणि सगळी जगली.

तात्पर्य: ज्या कामात उतरायचे त्याची रीत आधी समजून घ्यावी, नुसत्या हट्टाने कुणी जिंकत नाही.