शोकसभेच्या दिवसाची फी

एका तालुक्याच्या गावात ना, एक वकीलबाई होत्या. इंदुमती ठोंबरे. वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या शिस्त समितीच्या प्रमुख. आणि खरं सांगू? मला तर त्या जाम आवडतात!

एकदा समितीपुढे लंकाबाई तक्रार घेऊन आली. ब्लाउज शिवून पोट भरणारी. तिचा दुकानाच्या गाळ्याचा दावा होता, रत्नाकर सबनीस वकिलांकडे. दर तारखेला फी. "तुम्ही कशाला हेलपाटे घालता बाई? मी आहे ना!" असं म्हणायचे ते. फी भरता भरता बिचारीनं शेवटी शिलाई मशीनच गहाण टाकलं! मग शिवणार काय आणि खाणार काय?

आता बघा, हे सबनीस म्हणजे बाईंचेच गुरुबंधू. दोघंही अण्णासाहेबांच्या हाताखाली वकिली शिकलेले. एक कटिंग चहा दोघांत प्यायलेले.

सबनीस हसत म्हणाले, "इंदू, घरातलं घरात मिटव की. अण्णा असते तर हेच म्हणाले असते."

बाईंनी काय करावं? पिशवीतून स्वतःचं पावतीपुस्तक काढलं आणि समितीतल्या दुसऱ्या दोघांपुढे ठेवलं. "आधी माझं तपासा. मग याचं." काय हिंमत आहे ना!

त्यात काही वावगं सापडलं नाही. मग सबनीसांच्या पावत्या निघाल्या. एका पावतीवर बाईंचं बोट थांबलं. 'बारा ऑगस्ट, दोन तास युक्तिवाद.'

त्या गावात एक रीत होती. कुणी वकील वारला की त्या दिवशी एकही वकील कोर्टात उभा राहायचा नाही. सगळे शोकसभेला.

"रत्नाकर, बारा ऑगस्टला अण्णा गेले. तू भाषण करताना रडलास. मीच तुला पाणी दिलं. मग युक्तिवाद कुणापुढे केलास रे?"

"अगं, चुकून पडली असेल तारीख..."

"शोकसभेच्या अशा चार तारखा आहेत. चारही वेळा चूक तुझ्याच फायद्याची?"

सबनीसांची मान खाली गेली.

निकाल लागला. खोट्या तारखांचे सगळे पैसे परत, आणि वर्षभर वकिली बंद. समोर स्वतःचा गुरुबंधू होता. पण बाईंनी सही केली हां!

लंकाबाईचं मशीन सुटलं, घरात पुन्हा खडखड सुरू झाली.

वर्ष सरलं. सबनीस काळा कोट घेऊन तिच्याच दारात उभे. बटण तुटलं होतं. तिनं मुकाट्यानं लावून दिलं. त्यांनी शंभराची नोट पुढे केली. "राहू द्या सगळे."

"नको वकीलसाहेब. एकच बटण लावलंय. पाच रुपये."

आणि तिनं पंच्याण्णव रुपये त्यांच्या हातावर ठेवले.

तात्पर्य: जेवढं काम केलं तेवढाच दाम घ्यावा. आणि आपला माणूस चुकला तर त्याला पाठीशी घालू नये, वेळीच थांबवावं. खरी माया तीच.