पपईची सावली

कुंचल्यांच्या बरणीत अजून सांगतात ती ही गोष्ट.

निवृत्तीनंतर मंदाकिनीबाई चित्रं काढायला शिकत होत्या. समोर पिकलेली पपई ठेवून त्यांनी ती कागदावर पिवळीधमक रंगवली. म्हातारा कुंचला खूश झाला. मग बाईंनी मोबाईलने पपईचा आणि चित्राचा फोटो काढला आणि दोन्हींतले रंग घालवून ते काळे-पांढरे करून पाहिले. खरी पपई एका बाजूने चांगलीच काळी दिसली. चित्रातली मात्र पापडासारखी सपाट, करडी.

"चुगलखोर!" कुंचला मोबाईलवर भडकला. "स्वतःला एक रेघ ओढता येत नाही आणि माझी उणीदुणी काढतोस?"

"नाहीच येत," मोबाईल म्हणाला. "म्हणून तर तुला दाखवतोय. ती सावली बघ." एवढं बोलला आणि त्याची बॅटरी संपली.

बाईंनी आता डोळे बारीक करून खऱ्या पपईकडे पाहिलं आणि तपकिरी रंग कालवला. कुरकुरत का होईना, कुंचला त्या सावलीत उतरला.

मोबाईल चार्ज होऊन आला, तोवर पपई कापून खाऊन झाली होती. त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या कागदावर गेली.

"अरे, पपई अजून कापली नाही?" त्याने विचारलं.

कुंचला बरणीत जरा सरकला आणि त्याने मोबाईलसाठी जागा केली.